ज्यांनी पाहिलं होतं

रोममध्ये माझ्याकडे चार दिवस होते आणि त्यातली एक अख्खी सकाळ मी एका विटांच्या भिंतीसमोर घालवली. पँथिऑन या जुन्या रोमन देवळापुढे सकाळपासूनच तुफान गर्दी असते, जो तो तो घुमट आणि ते खांब मोबाईलमध्ये बसवायच्या नादात, आणि तिथून डाव्या हाताच्या गल्लीत वळलं की पँथिऑनला अगदी खेटून एका जुन्या भिंतीचा तुकडा उभा आहे, कोनाडे असलेला. त्याच्याकडे कुणी बघत नाही. मी मुद्दाम शोधत गेले होते.

ती भिंत सेप्टा ज्युलिया नावाच्या वास्तूची आहे. सेप्टा म्हणजे कुंपण घातलेली जागा, रोमन लोक तिथे मत द्यायला जमायचे. सुमारे ३१० मीटर लांब, १२० मीटर रुंद, म्हणजे केवढं आवार झालं बघा. त्याआधी त्याच जागी साधे लाकडी कठडे होते, प्रत्येक गटाने आपापल्या पट्ट्यात रांगेत उभं राहायचं, आणि लोक त्याला मेंढवाडा म्हणायचे, कारण ते दिसायचंच तसं. त्या लाकडाच्या जागी संगमरवर आणायचा हा सीझरचा प्लॅन, पण काम रेंगाळलं, मधे सीझरचा खून झाला, यादवी झाली, आणि वास्तू पूर्ण होऊन उद्घाटन व्हायला इ.स.पू. २६ साल उजाडलं. आणि ऑगस्टसने, म्हणजे रोमच्या पहिल्या सम्राटाने, आपली सत्ता पक्की करून घेतली ती इ.स.पू. २७ च्या जानेवारीत. म्हणजे मत द्यायची सगळ्यात देखणी जागा लोकांना मिळाली तेव्हा त्यांच्या मताची किंमत जाऊन एक वर्ष झालं होतं. पुढे तिथे ग्लॅडिएटरच्या झुंजी झाल्या, आणि नंतर महागड्या वस्तूंचा बाजार भरायला लागला.

ही गोष्ट मला पहिल्यांदा कळली तेव्हा रात्री झोप लागली नव्हती. का ते सांगायला हा लेख लिहितेय, आणि त्यात माझी आजी येणार आहे, कारण रोमचं प्रजासत्ताक कसं गेलं हा विषय तिच्याशिवाय मला समजलाच नसता.

आम्ही कोल्हापूरचे. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आजी आम्हा भावंडांना टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये घेऊन जायची, आत गार असायचं म्हणून. तिथे समुद्रदेव पोसायडनची एक छोटी ब्राँझची मूर्ती आहे, पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५ च्या सुमारास खोदकामात सापडलेली. अर्ध्या फुटाच्या आतलीच असेल, दाढीवाला, एका हाताचा पंजा काहीतरी धरल्यासारखा. रोमन जगातून व्यापाराबरोबर जहाजाने आलेली. मला त्या मूर्तीचं वेडच लागलं, कारण कोल्हापुरात कुठे समुद्र आणि कुठे रोम, हा माणूस इथपर्यंत आला कसा? आजी म्हणायची, "लांबून आलाय बिचारा, बघून घे." तर रोमची माझी ओळख ही अशी, पुस्तकातून नाही, आजीचं बोट धरून.

आता प्रजासत्ताकाबद्दल. रोमन लोकांनी आपला शेवटचा राजा हाकलला तो परंपरेने इ.स.पू. ५०९ मध्ये, आणि त्यानंतर जवळपास पावणेपाचशे वर्षं त्यांनी राजाशिवाय कारभार केला. मूळ कल्पना मला फार आवडते, कारण ती माणसाच्या स्वभावावर विश्वास ठेवत नाही. कॉन्सल, म्हणजे सगळ्यात वरचे अधिकारी, दोन, एक नाही, म्हणजे एकाने काही भलतंच करायला घेतलं तर दुसरा अडवू शकतो. मुदत एकच वर्षाची. ट्रिब्यून दहा, सामान्य लोकांच्या बाजूने उभं राहायला, त्यांनी "नाही" म्हटलं की काम थांबलंच पाहिजे. अगदी मोठं संकट आलं तर एक डिक्टेटर नेमायचा, पण जास्तीत जास्त सहा महिने. आणि हे सगळं कुठे एका जागी लिहून ठेवलेली राज्यघटना म्हणून नव्हतं, बरंचसं रिवाजावर चालायचं. वाडवडिलांची रीत हा त्यांचा शब्द. रीत आहे म्हणून पाळायची.

हे राज्य सगळ्यांचं होतं असं मी अजिबात म्हणणार नाही. बायकांना मत नव्हतं, गुलामांना नव्हतं, सगळ्यात महत्त्वाच्या निवडणुकीत १९३ गट असायचे आणि श्रीमंतांचे गट आधी मोजायचे, बऱ्याचदा गरिबांपर्यंत नंबर येण्याआधीच निकाल लागलेला असायचा. शिवाय मत द्यायला स्वतः रोमलाच यावं लागायचं. इ.स.पू. ९१ ते ८८ च्या युद्धानंतर जवळजवळ सगळ्या इटलीला नागरिकत्व मिळालं, पण शेतावरचं काम टाकून दहा-बारा दिवस चालत मत द्यायला कोण येणार? शहर म्हणून बनवलेली व्यवस्था अख्ख्या भूमध्य समुद्राला पुरवायची होती. ते जमत नव्हतं, आणि ते कुणी नीट दुरुस्तही करत नव्हतं.

तरीपण.

एक नाणं आहे, इ.स.पू. ११३ च्या सुमाराचं, चांदीचा दिनार. त्याचा फोटो मी इतक्या वेळा झूम करून बघितलाय की डोळे मिटले तरी दिसतो. त्यावर मतदान चाललंय. एक अरुंद लाकडी पूल आहे, एक माणूस खालच्या कारकुनाकडून मताची पाटी घेतोय, आणि दुसरा पुढे जाऊन ती पेटीत टाकतोय. टोगा, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचं रोमन वस्त्र, घातलेली दोन बारीक माणसं, नखाएवढी पण नाहीत. आधी रोममध्ये तोंडाने सांगून मत द्यायचे, म्हणजे सावकार, जमीनदार, सगळे ऐकतायत. मग इ.स.पू. १३९ मध्ये निवडणुकीसाठी गुप्त मतदानाचा कायदा झाला, मेण लावलेल्या छोट्या पाटीवर खरडायचं आणि टाकायचं. पण पुलावर मोठ्या लोकांची माणसं उभी राहून पाटीत डोकावायची, म्हणून इ.स.पू. ११९ मध्ये मारियस नावाच्या तरुण ट्रिब्यूनने कायदा करून ते पूल अरुंद करून घेतले, एका वेळी एकच माणूस जाईल एवढेच. मला या कायद्याचं फार अप्रूप वाटतं. मताचं रक्षण कसं करायचं, तर फळ्या कमी करून. आणि त्याचा लोकांना एवढा अभिमान होता की तो चांदीवर कोरला.

याच मारियसने पुढे काय केलं ते सांगते, पण त्याआधी ग्रॅकस.

इ.स.पू. १३३. रोमने कार्थेज जिंकलं होतं, ग्रीस जिंकला होता, पैसा आणि गुलाम धो धो येत होते, आणि ज्या शेतकऱ्यांनी ही युद्धं लढली त्यांची शेतं इकडे पडीक होऊन मोठ्या लोकांच्या घशात चालली होती. टायबेरियस ग्रॅकस हा मोठ्या घरचा मुलगा ट्रिब्यून झाला आणि त्याने मांडलं की सरकारी जमीन कुणी ५०० युगेरापेक्षा (हे त्यांचं जमिनीचं माप) जास्त धरून ठेवायची नाही, जास्तीची काढून भूमिहीनांना वाटायची. तो भाषणात म्हणायचा की इटलीतल्या रानटी जनावरांना सुद्धा गुहा आहे, पण इटलीसाठी मरणाऱ्या माणसाकडे हवा आणि उजेड सोडला तर काही नाही. दुसऱ्या एका ट्रिब्यूनने त्याला अडवलं, तर ग्रॅकसने लोकांचं मत घेऊन त्या ट्रिब्यूनलाच पदावरून काढलं. हे रीतीत नव्हतं. मग तो लागोपाठ दुसऱ्यांदा उभा राहायला लागला. हेही रीतीत बसत नव्हतं. आणि मग सिनेटमधले लोक, हो, सिनेटर, वयस्कर प्रतिष्ठित माणसं, बाकांचे पाय आणि दांडकी घेऊन आले आणि त्यांनी त्याला आणि त्याच्या तीनशेहून जास्त माणसांना ठेचून मारलं. एकालाही तलवार लागली नव्हती असं प्लुटार्क या ग्रीक चरित्रकाराने लिहून ठेवलंय. रात्री प्रेतं नदीत टाकली.

मी इथे थांबते प्रत्येक वेळी. कारण मागणी रास्त होती असं मला मनापासून वाटतं, आणि तरी पहिली रीत त्याने मोडली, आणि उत्तर म्हणून समोरच्यांनी जे केलं त्यानंतर रीत नावाची गोष्टच उरली नाही. बारा वर्षांनी त्याचा धाकटा भाऊ गायस, त्याचंही तेच, या वेळी सुमारे तीन हजार माणसं मारली गेली. आणि ज्या कॉन्सलने ते केलं त्याने नंतर त्याच शहरात देऊळ बांधून घेतलं, एकोप्याच्या देवीचं. कुणीतरी रात्री जाऊन त्या देवळावर लिहिलं की दुहीच्या वेडाने एकोप्याचं देऊळ उभारलंय. ज्याने कुणी लिहिलं असेल त्याचं नाव कुठेच नाही, पण मला ते माणूस दोन हजार वर्षांनंतर पण जवळचं वाटतं.

तर मारियस. ज्याने पूल अरुंद केले तोच. तो मोठा सेनापती झाला आणि इ.स.पू. १०७ मध्ये त्याने जमीन नसलेल्या माणसांना सैन्यात सरसकट घेतलं. आधी सैनिक म्हणजे शेतकरी, लढाई संपली की घरी. आता या माणसांना घरच नव्हतं. म्हातारपणी काय? जमीन कोण देणार? सिनेटने द्यायला हवी होती, सिनेट टाळाटाळ करत राहिलं, मग ती देणार कोण, तर सेनापती. एवढं साधं आहे हे. माझ्या मते प्रजासत्ताक बुडालं ते इथे, सीझरच्या कितीतरी आधी, एका निवृत्त सैनिकाच्या पोटाच्या प्रश्नापाशी, कारण ज्याच्या हातात आपली भाकरी त्याच्यामागे माणूस जाणार, त्याला दोष देता येत नाही. आणि मारियस स्वतः सात वेळा कॉन्सल झाला, त्यातले पाच लागोपाठ, उत्तरेकडून टोळ्या चालून येत होत्या म्हणून. संकट खरं होतं. अपवाद म्हणून केलं. पण अपवाद एकदा केला की तो सगळ्यांनी पाहिलेला असतो.

इ.स.पू. ८८ मध्ये सुल्ला नावाचा सेनापती नोला गावाजवळ सैन्य घेऊन होता, त्याच्याकडची मोहीम रोममधल्या राजकारणात काढून मारियसला दिली गेली. सुल्लाने सैनिकांना विचारलं. सैनिक म्हणाले, चला रोमला. त्याचे सगळे अधिकारी, एक सोडून, त्याला टाकून निघून गेले, त्यांना ते सहनच झालं नाही, स्वतःच्या शहरावर चाल? सैनिक मात्र गेले. आणि रोमन फौज पहिल्यांदा रोममध्ये शत्रूसारखी शिरली. पुढे दुसऱ्यांदा जिंकल्यावर सुल्लाने मारायच्या माणसांच्या याद्या चौकात लावल्या, मारणाऱ्याला बक्षीस, मालमत्ता लिलावात. स्वतःला मुदतीशिवाय डिक्टेटर करून घेतलं. मग त्याने काय केलं, तर सिनेट परत बळकट केली, ट्रिब्यूनचे हात बांधले, आणि सगळं सोडून घरी गेला. त्याला खरंच वाटत होतं की आपण प्रजासत्ताक वाचवलं.

पण लोक कायदे बघत नाहीत, काय शक्य आहे ते बघतात. त्या काळचा मोठा वक्ता सिसेरो, त्याने एका पत्रात लिहिलंय की सेनापती पॉम्पेच्या तोंडी सारखं एकच वाक्य असायचं: सुल्लाला जमलं, मला नाही जमणार? हा तोच पॉम्पे ज्याला आधीची कुठलीच पायरी न चढता पस्तिसाव्या वर्षी कॉन्सल केलं होतं, आणि मग समुद्री चाच्यांविरुद्ध अख्ख्या भूमध्य समुद्रावर अधिकार दिले होते, आणि त्याने तीन महिन्यांत ते काम फत्ते करून दाखवलं होतं. लोक खूश होते. का नसतील? धान्याची जहाजं परत यायला लागली होती.

सीझरबद्दल मी फार लिहीत नाही, ते सगळ्यांना माहीत असतं. इ.स.पू. ४९ मध्ये सैन्य घेऊन रुबिकॉन नदी ओलांडली, म्हणजे स्वतःच्याच देशावर चाल केली, ४४ च्या फेब्रुवारीत कायमचा डिक्टेटर झाला, १५ मार्चला तेवीस वार. जिथे हे घडलं ती जागा आता रोमच्या भर ट्रॅफिकमध्ये एका खोलगट खड्ड्यात आहे, मांजरं ऊन खात पसरलेली असतात. मी कठड्याला टेकून उभी होते तेव्हा मला ब्रुटसचं, कटाच्या म्होरक्याचं, वाईट वाटलं. साठाहून जास्त माणसं कटात होती, आणि त्यांना वाटलं की एक माणूस काढला की खालून प्रजासत्ताक आपोआप वर येईल, दगड उचलल्यावर झरा लागावा तसं. ते बाहेर आले, स्वातंत्र्य स्वातंत्र्य ओरडत, आणि लोकांनी घराची दारं लावून घेतली. खाली काही नव्हतंच. पुढच्या वर्षी पुन्हा याद्या लागल्या, सुमारे तीनशे सिनेटर, दोन हजार इतर, त्यात सिसेरोसुद्धा, आणि ज्या व्यासपीठावरून तो बोलायचा तिथेच त्याचं डोकं आणि हात टांगले.

आता ऑगस्टस. नदीकाठी शांतिवेदीचं म्युझियम आहे, त्याच्या बाहेरच्या बुटक्या भिंतीवर त्याने स्वतः लिहिलेला जीवनवृत्तान्त लॅटिनमध्ये कोरलाय, मोठी मोठी अक्षरं, समोरून बस जातात. मी फोनवर अर्थ लावत लावत वाचत गेले. सुरुवातच अशी आहे की वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मी माझ्या खाजगी निर्णयाने आणि माझ्या खाजगी खर्चाने सैन्य उभं केलं आणि प्रजासत्ताकाला स्वातंत्र्य मिळवून दिलं. खाजगी हा शब्द दोनदा. याची त्याला लाज वाटत नाहीये, तो अभिमानाने सांगतोय. दीडशे वर्षांपूर्वी हेच वाक्य म्हणजे देशद्रोहाचा कबुलीजबाब झाला असता. त्याच वृत्तान्तात शेवटाकडे आहे की मी प्रजासत्ताक माझ्या हातातून सिनेट आणि लोकांच्या हाती परत केलं, आणि त्यानंतर मानमरातबात मी सगळ्यांच्या पुढे होतो पण अधिकार माझ्या सहकाऱ्यांपेक्षा जास्त नव्हता. आणि हे खोटं आहे असं कागदावर सिद्ध करता येत नाही. कॉन्सल दोनच होते. ट्रिब्यून होते. सिनेट भरत होती. फक्त बहुतेक सगळं सैन्य ज्या प्रांतांत होतं ते प्रांत त्याच्याकडे, ट्रिब्यूनचा अधिकार ट्रिब्यून न होता त्याच्याकडे, आणि सैनिकांना जमीन देणारा तो. तीन लाखांवर सैनिकांना त्याने वसवलं किंवा घरी पाठवलं, असं तोच सांगतो. मारियसपासून अडलेला प्रश्न त्याने सोडवला. सिनेटला शंभर वर्षांत जमलं नव्हतं ते.

आणि लोकांवर हे कुणी लादलं नाही, त्यांनी मागितलं. इ.स.पू. २२ मध्ये पूर आला, साथ आली, धान्य संपलं, तेव्हा जमावाने सिनेटरना सभागृहात कोंडलं आणि धमकी दिली की ऑगस्टसला डिक्टेटर करा नाहीतर इमारतीसकट जाळतो. तो लोकांपुढे गुडघ्यावर बसला, खांद्यावरचा टोगा खाली टाकला, उघड्या छातीने विनवणी केली की मला डिक्टेटर करू नका. पद घेतलं नाही. धान्याचा कारभार मात्र घेतला, आणि टंचाई लगेच हटली. हा प्रसंग मी कितीदा वाचला असेन, मला त्या जमावाचा राग येत नाही. शंभर वर्षं त्यांनी फक्त याद्या, जाळपोळ, फौजा आणि जप्त झालेली शेतं बघितली होती. एकदाच यादवीतल्या फिलिपीच्या लढाईनंतर इटलीतल्या १८ गावांच्या जमिनी काढून सैनिकांना वाटल्या होत्या, म्हणजे सकाळी उठून कुणीतरी सांगणार, हे शेत आता याचं. अशा माणसाला कुणी विचारलं की तुला मत पाहिजे की झोप, तर तो काय सांगेल?

आणि ती शांतता खरी होती. आमच्या टाऊन हॉलमधला पोसायडन हा त्या शांततेचाच पुरावा आहे. इ.स.पू. ३० मध्ये ऑगस्टसने इजिप्त घेतलं, आणि त्यानंतर तांबड्या समुद्रावरच्या एका बंदरातून वर्षाला १२० जहाजं हिंदुस्थानकडे निघायची असं स्ट्रेबो या भूगोलकाराने लिहिलंय. आपल्या किनाऱ्यावर, घाट चढून तेर, कोल्हापूरपर्यंत त्यांचा माल यायचा. म्हणजे लहानपणी ज्या मूर्तीने मला या सगळ्याकडे ओढलं ती साम्राज्याच्या पोटातूनच आली. हे कळल्यावर मी आजीशी बोलले होते. ती तेव्हा ऐंशीच्या पुढे होती, पाय दुखायचे म्हणून खाटेवर बसून शेंगा फोडत होती. मी तिला सगळी गोष्ट सांगितली, अशी की ऑगस्टस चांगला होता, लोकांचं भलं झालं, मग वाईट काय झालं?

आजी संस्थानात जन्मलेली. कोल्हापूर संस्थान विलीन झालं १ मार्च १९४९ ला, तेव्हा ती वीस वर्षांची. तिच्या वडिलांना शाळा बघायला मिळाली ती शाहू महाराजांमुळे, प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं म्हणून, आणि आमच्या घरात महाराजांचा फोटो देवांच्या ओळीत आहे, आजही. तर आजी शेंगा फोडत फोडत म्हणाली, "म्हाराज देवमाणूस होते म्हणून आमचं सोनं झालं. पण त्यांच्या जागी दुसरं कोण बसलं असतं, तर आम्ही कुणाला सांगायचं होतं गं?"

एवढंच. परत शेंगा.

मी नंतर जे काही वाचलं त्यात मला याच्याइतकं नेमकं कुठे सापडलं नाही. ऑगस्टसच्या जागी टायबेरियस आला (ग्रॅकस नव्हे, दुसरा), मग कॅलिग्युला, मग नीरो येणारच होता. आणि ती हे सांगू शकली कारण तिने दोन्ही बघितलं होतं. राजाखालचं वीस वर्षांचं आयुष्य आणि त्यानंतरचं सत्तर वर्षांचं. तिला फरक माहीत होता, तो तिला कुणी शिकवावा लागला नव्हता.

ऑगस्टस वारला इ.स. १४ मध्ये, ऑगस्ट महिन्यात, शहात्तराव्या वाढदिवसाला महिना बाकी असताना. कुठे, तर नोलाला. ज्या नोलाजवळून सुल्ला सैन्य घेऊन रोमवर निघाला होता. दोन्हींच्या मधे शंभर वर्षं. आणि त्या वर्षाबद्दल लिहिताना रोमन इतिहासकार टॅसिटस म्हणतो की देशात सगळं शांत होतं, पदांची नावं तीच होती, तरुण लोक ऑगस्टसच्या विजयानंतर जन्मलेले, म्हाताऱ्यांतलेसुद्धा बहुतेक यादवीत जन्मलेले, प्रजासत्ताक प्रत्यक्ष पाहिलेलं असं उरलंच होतं कोण?

नावं तीच होती. हे मला तलवारींपेक्षा भयंकर वाटतं. त्या वर्षी निवडणुका मैदानातून काढून सिनेटकडे दिल्या, म्हणजे लोकांनी मत द्यायचं, ते मेण लावलेल्या पाट्या घेऊन पुलावरून जायचं, ते संपलं. आणि कुणी दगड उचलला नाही. थोडी कुजबुज झाली, तेवढंच. संगमरवरी मेंढवाडा तयार होता, त्यात मेंढरंसुद्धा उरली नव्हती. कुणाला काही काढून घेतल्यासारखं वाटलं नाही, कारण आपल्याकडे काय होतं हे सांगणारं घरात कुणी नव्हतं. एखादी नव्वदीची म्हातारी असेलही कुठल्यातरी गल्लीत, जिच्या लहानपणी सिसेरो अजून चौकात बोलत होता, तिने नातवंडांना काही सांगितलं असेल का, त्यांनी ऐकलं असेल का, या विचाराने मी त्या विटांच्या भिंतीसमोर उभी होते. शेवटी शेजारच्या दुकानदाराने येऊन विचारलं, काही हरवलंय का? मी म्हटलं, नाही.

आजी जाऊन आता तीन वर्षं झाली. तिची पहिल्या मतदानाची गोष्ट मी रेकॉर्ड करून ठेवलीय, फोनमध्ये, मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. १९५२ ची निवडणूक. तेव्हा आताच्यासारखं नव्हतं, प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह, पडद्यामागे जायचं आणि ज्याला द्यायचं त्याच्या पेटीत कागद टाकायचा. गावातल्या शाळेत केंद्र होतं, ज्या शाळेत तिचे वडील शिकले. सासूने नवी चोळी दिली होती. "मी आत गेलो," ती सांगते, आमच्या कोल्हापुरात बायका अशाच बोलतात, "कागद टाकलो, पण आवाजच आला न्हाई. बाहेर यायला निघालो आणि परत फिरलो. म्हटलं, मधेच अडकलं असंल तर? मग वाकून फटीत डोळा लावून बघितलो. तिथला साहेब ओरडाय लागला, ओ बाई, काय करताय? म्हटलं थांबा की जरा, पडलाय का बघतो."